नकारांतून उमटलेला नकाशा

सूर्यातून अखंड वाहणारा विद्युतभारित कणांचा प्रवाह, म्हणजे सौरवारा, ताऱ्यांमधल्या विरळ वायूला रेटून जो अवाढव्य फुगा तयार करतो, त्याला हेलिओस्फिअर म्हणतात. या फुग्याची कड दुर्बिणीला दिसण्याइतकी उजळत नाही. मात्र तिथला एखादा वेगवान प्रोटॉन थंड वायूतल्या अणूचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, भाररहित होतो आणि चुंबकीय क्षेत्राच्या तावडीतून सुटून सरळ रेषेत निघतो. असे चुकार अणू टिपण्यासाठी नासाने १९ ऑक्टोबर २००८ रोजी 'आयबेक्स' हा बसच्या टायरएवढा उपग्रह पाठवला.

उपग्रह मिनिटाला सुमारे चार गिरक्या घेतो, आकाशाची सुमारे सात अंशांची पट्टी न्याहाळतो आणि पृथ्वीबरोबर सूर्याभोवती सरकत सहा महिन्यांत सगळे आकाश पुरे करतो. या कामाचा खरा कस नोंदी नाकारण्यात आहे. उपग्रहावरच्या दोनपैकी एका संवेदकाच्या तोंडाशीच विद्युतदाबाने भारित कण परतवले जातात. आत शिरलेला अणू कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन गमावतो, ऊर्जेनुसार निवडला जातो आणि मग एकापुढे एक असलेल्या तीन कप्प्यांतून जातो; तिन्ही कप्प्यांनी जवळजवळ एकाच क्षणी साक्ष दिली, तरच त्याची गणना भरवशाची. एवढी चाळणी लावूनही पृथ्वीच्या चुंबकावरणाने वा चंद्राने गढूळ केलेले कालखंड माणसे नंतर वगळतात. एका किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा हायड्रोजन अणू सेकंदाला सुमारे ४४० किलोमीटर वेगाने येतो आणि सूर्य-पृथ्वी अंतराच्या शंभरपट वाट कापायला त्याला वर्षाहून थोडा अधिक काळ लागतो. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याची एवढी झडती निर्दय वाटली, तरी तिच्यावाचून नकाशातल्या भडक रंगांना अर्थ उरत नाही.

पहिले सहा महिने भरले, नकाशा जुळला आणि त्यात कोणत्याही प्रतिमानाने न वर्तवलेला, भोवतालापेक्षा दोन-तीन पट तेजस्वी असा वळणदार पट्टा उमटला. तो स्वतंत्र बांधणीच्या दोन्ही संवेदकांत दिसला. पुढच्या सहा महिन्यांच्या नकाशातही तो होताच. बाहेरचे आंतरतारकीय चुंबकीय क्षेत्र आपल्या दृष्टिरेषेला काटकोनात असते तिथेच तो उजळतो, यावर बहुतेकांचे एकमत आहे; त्याचे कारण मात्र बरीच वर्षे वादात राहिले. हेलिओस्फिअरच्या कडेपर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांच्या वाटा पट्ट्याच्या दोन बाजूंनी गेल्या होत्या.