डोंबिवलीची संख्या

आपल्या तळवली गांवाच्या पूर्वेस पारसिकचे डोंगर आहेत. त्यांच्या पलीकडे डोंबिवलीचें रेल्वे-स्थानक लागतें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या काळीं त्यास ‘डेम्लो’ म्हणत. येथेंच दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या मनांत एका संख्यामालेचा विचार आला, म्हणून त्यांनीं तिला ‘डेम्लो’ हेंच नांव दिलें. रेल्वे-स्थानकास असा मान क्वचितच मिळतो!

या मालेंतील सर्वांत देखणी संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही होय. सतरा अंकांची ही संख्या उलट वाचली तरी तीच राहते. ती नऊ एकांच्या, म्हणजे १११११११११ या संख्येचा वर्ग आहे.

पुष्कळ जण येथें ‘काय चमत्कार!’ म्हणून थांबतात. परंतु गुणाकार मांडून पहावा. नऊ एकांची ओळ नऊ वेळां, दर वेळीं एक घर डावीकडे सरकवून लिहावयाची. उजवीकडील पहिल्या घरांत एकच एक येतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन. मधल्या घरांत नऊ, आणि पुढें तशीच उतरण. कोणत्याही घराची बेरीज नवांपलीकडे जात नाहीं, म्हणून हातचा येत नाहीं. मांडलेले ८१ एक उत्तरांत जसेच्या तसे राहतात. अंकांची बेरीज करून पहा, ८१ च भरेल.

दहा एक घेतले कीं मधल्या घरांत दहा होतात. तेथें शून्य लिहून हातचा एक. तो शेजारच्या नवांत मिळून पुन्हां शून्य व हातचा एक. तो आठांत मिळाला कीं नऊ. उत्तर येतें १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ नाहींसा झाला! प्रत्येक हातच्यांत दहांच्या जागीं एक येतो, म्हणजे नऊ कमी होतात. म्हणून अंकांची बेरीज शंभर न होतां ८२ होते.

नऊ एकांचे अवयवही नुसत्या नजरेनें सांपडतात. तीन-तीनांचे गट पाडले कीं १११ × १००१००१. पैकीं १११ = ३ × ३७, आणि १००१००१ = ३ × ३३३६६७.

कापरेकरांचा जन्म डहाणूचा. ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे पदवीधर. १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. कित्येक पंडितांनीं त्यांच्या संख्यांस पोरखेळ मानिलें. १९७५ सालीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. पोरखेळ हा शब्द मला पटत नाहीं. कारण या खेळांतूनच निघणारा एक प्रश्न मोठमोठ्यांनाही सुटलेला नाहीं.

नुसत्या एकांनीं बनलेली संख्या मूळ केव्हां असते? एकांचे सारखे गट पडत असतील, तर ती मूळ नसते, हें नऊ एकांवरून दिसलें. गट पडत नसले तरी भरंवसा नाहीं: अकरा एकांना २१६४९ नें निःशेष भाग जातो. उलट दोन एक मूळ आहेत. एकोणीस एक आणि तेवीस एकही मूळ आहेत. अशा मूळसंख्या कोठें तरी संपतात कीं अनंत आहेत, हें अद्याप कोणींही सिद्ध केलेलें नाहीं.