संख्यावाचनातील बदल आणि पालक : इयत्ता दुसरीच्या गणित पाठ्यपुस्तकाच्या निमित्ताने

प्रस्तावना

प्राथमिक स्तरावरील अभ्यासक्रमात होणारे बदल सर्वसाधारणपणे शिक्षक, विषय समित्या आणि पाठ्यपुस्तक मंडळ यांच्या वर्तुळातच चर्चिले जातात. पालकांपर्यंत ते पोहोचतात ते पाल्याच्या दप्तरातून. जून २०१९ मध्ये मात्र इयत्ता दुसरीच्या गणित पुस्तकातील एक बदल दप्तरातून वृत्तपत्रांत, वृत्तवाहिन्यांवर आणि तेथून थेट विधानसभेत गेला. 'एकवीस' ऐवजी 'वीस एक', 'त्र्याण्णव' ऐवजी 'नव्वद तीन' असे वाचन महाराष्ट्रातील मुलांनी करावे काय, हा तो प्रश्न होता. सभागृहात आडनावांवर कोट्या झाल्या, समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला आणि काही आठवड्यांत विषय मागे पडला. पुस्तकातील बदलामागे कोणता विचार होता, हे पालकांना समजावून सांगण्याचे काम मात्र त्या गदारोळात राहूनच गेले. प्रस्तुत लेखात त्या बदलाचे स्वरूप, त्यामागील गणितीय व भाषिक कारणे आणि पालकांशी करावयाच्या संवादाची दिशा यांचा विचार केला आहे. अध्यापक महाविद्यालयांतील प्राध्यापकांना, तसेच ज्यांच्या घरी दुसरी-तिसरीतील मूल आहे अशा कोणत्याही विषयाच्या प्राध्यापकांना तो उपयुक्त ठरावा.

बदल नेमका काय होता

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजेच बालभारती, या संस्थेने २०१९ मध्ये दुसरीचे नवे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात २१ ते ९९ या संख्यांच्या वाचनासाठी दशक आधी व एकक नंतर उच्चारण्याची रीत देण्यात आली. येथे एक बाब ठळकपणे नोंदविली पाहिजे, कारण जनमानसातील गैरसमजाचे मूळ तिच्यात आहे. प्रचलित संख्यानामे पुस्तकातून काढून टाकण्यात आलेली नव्हती. नवी रीत जुन्या रीतीच्या जोडीने, एक पर्याय म्हणून आलेली होती. गणित विषय समितीच्या तत्कालीन अध्यक्षा, दिवंगत गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी हे वारंवार स्पष्ट केले होते. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे लहान मुलांना जड जातात, त्यातून गणिताविषयी नावड निर्माण होते आणि दक्षिणेकडील भाषांत तसेच इंग्रजीत दशक आधी उच्चारला जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

'ऐवजी' आणि 'जोडीने' या दोन शब्दांतील अंतर वार्तांकनात हरवले. पालकांनी ऐकले ते 'ऐवजी'.

मराठी संख्यानामांची रचना

प्रौढ मराठी भाषकाला 'सत्तावन्न' म्हणताना कोणताच विचार करावा लागत नाही. त्यामुळे त्या शब्दात अडचण आहे, हेच त्याला पटत नाही. पालकसभेत शिक्षकाने प्रथम ही अडचण दृश्य केली पाहिजे. त्यासाठी 'सहा' या एकाच अंकाचे उदाहरण पुरेसे आहे. सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव. या नऊ नावांत 'सहा' हा शब्द जसाच्या तसा केवळ एकदा ऐकू येतो. लेखनात मात्र नऊही ठिकाणी ६ हेच चिन्ह येते. दशकांचीही तीच गत आहे. पन्नासचे कधी 'वन्न' होते (एकावन्न, बावन्न), कधी 'पन्न' (त्रेपन्न, छप्पन्न). साठचे 'सष्ट', सत्तरचे 'हत्तर' आणि नव्वदचे 'ण्णव' होते. प्राकृतातून मराठीत येताना प्रत्येक नाव स्वतंत्रपणे झिजले आणि त्या झिजेला एकच एक नियम राहिला नाही. परिणामी इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द व दशकांची नावे येत असली की नव्याण्णवपर्यंत जाता येते. मराठी मुलाला मात्र जवळजवळ शंभर नावे सुटी सुटी पाठ करावी लागतात.

त्यात 'एकोण'ची भर पडते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंतची आठ नावे बेरजेवर नव्हे, तर वजाबाकीवर उभी आहेत. एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस. कानावर 'तीस' पडते, लिहावयाचे मात्र २ आणि ९. मूल तिसाच्या घरात जाऊन ३९ लिहिते, तेव्हा ते निष्काळजी नसते. त्याने शब्द नीट ऐकलेला असतो. नव्याण्णव हे नाव पुन्हा या रीतीला अपवाद आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची अडचण क्रमाची आहे. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी आणि वीस नंतर येतात. लेखन डावीकडून उजवीकडे होते आणि त्यात २ आधी येतो. ज्या क्रमाने ऐकले त्या क्रमाने लिहिणारे मूल ५२ लिहिते. मराठीचा हा क्रम संस्कृतातील 'एकविंशति' या रचनेतून आलेला आहे. एकक आधी सांगण्याची परंपरा आपल्याकडे इतकी दृढ होती की भूतसंख्या पद्धतीतही अंक एककाकडून डावीकडे सांगितले जात. तेव्हा हा क्रम चुकीचा आहे असे म्हणण्याचे काहीच कारण नाही. तो स्थानिक किमतीच्या लेखनाशी उलटा पडतो, एवढेच.

इतर भाषांतील अनुभव

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. जर्मन भाषेतही एकवीस हे 'एक आणि वीस' असेच उच्चारतात. ऑस्ट्रियातील पहिलीच्या जर्मनभाषक मुलांवरील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऐकलेल्या संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या चुका या उलट क्रमाशी निगडित आढळल्या होत्या. नॉर्वेचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. तेथे दूरध्वनी क्रमांक सांगताना होणारे घोटाळे लक्षात घेऊन १९५१ मध्ये दशक-प्रथम वाचन अधिकृतपणे स्वीकारण्यात आले. शाळा व शासकीय व्यवहार नव्या रीतीने होऊ लागले, परंतु जुनी रीत बोलण्यातून आजतागायत गेलेली नाही. अर्थात, आज्ञा काढून भाषा बदलत नाही आणि शाळेत एक पर्याय दिल्याने ती मरतही नाही, या दोन्ही गोष्टी नॉर्वेत एकाच वेळी दिसतात.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. सोलापुरातील तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या घरांतले मूल घरी दशक-प्रथम मोजते आणि मराठी शाळेत एकक-प्रथम. कन्नडमधील 'इप्पत्तोंदु' म्हणजे शब्दशः 'वीस-एक'. अशा घरातील पालकाला २०१९ मधील वाद काहीसा चमत्कारिक वाटला असेल.

वर्गात काय साधते

नव्या रीतीचा खरा उपयोग वाचनापेक्षा बेरजेत दिसतो. बत्तीस आणि चोवीस मिळून छप्पन्न, या वाक्यातील तीन शब्दांचा परस्परांशी कोणताही ऐकू येणारा संबंध नाही. हेच 'तीस दोन आणि वीस चार मिळून पन्नास सहा' असे म्हटले की तीस आणि वीस पन्नास, दोन आणि चार सहा, हे मुलाला कानानेच कळते. हातच्याच्या बेरजेतही हेच घडते. चाळीस सात आणि तीस आठ यांत सत्तर आणि पंधरा होतात. पंधरातील दहा सत्तरला जोडले की ऐंशी पाच. हातचा एक म्हणजे 'एक' नसून दहाचा एक गठ्ठा आहे, ही बाब येथे सांगावी लागत नाही, ती बोलण्यातच असते. आजच्या पालकांपैकी अनेकांना हातच्याची बेरीज अचूक येते, परंतु तो 'एक' डोक्यावर का मांडायचा हे त्यांना शाळेत कोणी सांगितलेले नसते. पालकसभेत हा प्रश्न सौम्यपणे विचारून पाहावा. सभेचा सूर तेथून बदलतो.

तरीही या रीतीच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य नाही. अकरा ते एकोणीस ही नावे तशीच राहतात आणि मुलाची पहिली ठेच नेमकी तेथेच लागते. वर दिलेल्या उदाहरणातील 'पंधरा' हा शब्द त्याचाच पुरावा आहे. दुसरे असे की, दोन्ही रीती शिकवायच्या म्हणजे काही काळ मुलावर दुहेरी भार पडतो. ज्या शिक्षकाला बदलाचे प्रयोजन समजलेले नाही, तो 'वीस एक' हेही घोकूनच घेतो. मग एका पाठांतराच्या जागी दोन पाठांतरे येतात आणि बदलाचा हेतूच नाहीसा होतो.

पालकांची भीती

२०१९ मधील विरोधाला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यात एक खरी भीती होती. शहरी भागातील इंग्रजी माध्यमाच्या अनेक मराठी मुलांना आजीने सांगितलेले 'एकोणसत्तर' कळत नाही. दूरध्वनी क्रमांक मराठीतून सांगताना लोक सर्रास इंग्रजी अंकांकडे वळतात. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी ही कोष्टके दोन पिढ्यांपूर्वीच गेली. अशा वेळी शाळेच्या पुस्तकात 'वीस एक' दिसल्यावर, आता हेही गेले, असे पालकाला वाटणे स्वाभाविक होते. ही भीती भाषेविषयीची होती. तिला मिळालेली उत्तरे मात्र गणिताची होती. संवाद फसला तो येथे.

दुसरी भीती व्यवहाराची आहे. भाजीवाली 'पंचेचाळीस रुपये' म्हणणार, वाहक 'सत्तावीस' म्हणणार. मूल गोंधळणार नाही काय? ज्या घरात पहिलीच पिढी शाळेत जात आहे, तेथे याला आणखी एक पदर असतो. आई-वडिलांना लिहिणे-वाचणे कमी येत असले तरी मोजणे येते. मुलाला शिकवता येईल अशी त्यांच्याजवळची ती एकमेव शालेय गोष्ट असते. तीही 'जुनी' ठरली तर अभ्यासातील त्यांचा सहभागच संपतो. अभ्यासक्रम बदलाच्या चर्चेत हा मुद्दा क्वचितच येतो.

संवाद कोठे आणि कसा

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातील किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात या समितीच्या बैठकांत इमारत, पोषण आहार आणि निधी यांपलीकडे विषय सहसा जात नाही. अभ्यासक्रमातील बदल समजावून घेण्याचे हे स्वाभाविक व्यासपीठ आहे आणि त्यासाठी वेगळ्या खर्चाची आवश्यकता नाही. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, पुस्तक वाटपाच्या आधी, एक तास त्यासाठी पुरतो.

या तासात व्याख्यान देऊ नये. दहाच्या काही नोटा आणि रुपयाची काही नाणी टेबलावर ठेवावीत. तीन नोटा व चार नाणी उचलून किती झाले असे विचारावे. उत्तर 'चौतीस' असेच येईल. मग कसे मोजले असे विचारावे. बहुतेक पालक 'दहा, वीस, तीस आणि वर चार' असे सांगतील. म्हणजे पुस्तकातील 'तीस चार' हे त्यांच्या मोजण्यात पूर्वीपासून होते, केवळ शब्दात नव्हते. 'त्र्याण्णव' लिहिताना मुले कोठे अडतात हे फळ्यावर मुलांच्याच वह्यांतील, नाव झाकलेल्या, उदाहरणांनी दाखवावे. सर्वांत शेवटी घरी काय करावयाचे हे स्पष्ट सांगावे, कारण पालक प्रामुख्याने तेवढ्यासाठीच आलेले असतात.

घरी प्रचलित नावेच वापरावीत. बाजारात, बसमध्ये, वाढदिवसाला, दिनदर्शिकेवर 'सत्तावीस', 'एकोणतीस' हेच शब्द मुलाच्या कानावर पडू द्यावेत. मूल 'वीस सात' म्हणाले तर त्याला हसू नये व चुकले असेही म्हणू नये. 'बरोबर, वीस सात म्हणजे सत्तावीस' एवढे म्हणून पुढे जावे. 'एकोण' असलेल्या नावांपाशी मात्र थोडे थांबावे आणि तीस नाणी मांडून त्यांतील एक मुलालाच काढावयास सांगावे. मूल एकविसाचे बारा लिहीत असेल तर पाढे वाढवून ती चूक जात नाही. दहाच्या दोन नोटा आणि एक नाणे त्याच्या हातात द्यावे, आणि आधी काय लिहायचे हे त्यालाच विचारावे.