अडीच युनिटांचा संसार

‘‘त्या गाडीत मी पाऊल ठेवणार नाही.’’

आमच्या सौभाग्यवतींनी हे वाक्य २०२२ सालच्या जून महिन्यात, दारात उभे राहून, अगदी शांतपणे उच्चारले. ती रागावली असती तर मला हायसे वाटले असते. छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्या रागावर काय उपाय करायचा ते मी शिकलो आहे. तिच्या शांतपणावर मात्र अजून उतारा सापडलेला नाही.

गाडी अंगणाबाहेर उभी होती. पांढरी, उंच, दोन्ही अंगांवर लाल पट्टे, आणि कपाळावर ती उलटी रंगवलेली इंग्रजी अक्षरे, पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटी दिसावीत म्हणून. होय वाचकहो, मी रुग्णवाहिका विकत घेतली होती!

हा उपद्व्याप का केला ते सांगतो. मी साताऱ्याचा. छत्तीस वर्षे वीजखात्यात खांब, तारा आणि रोहित्रे यांची देखभाल करून २०२१ साली निवृत्त झालो. आता दोघांनी मिळून हिंडायचे असा बेत होता. पण हिला बाहेरचे जेवण सोसत नाही आणि मला परक्या गादीवर झोप येत नाही. तेव्हा स्वयंपाकघर आणि गादी दोन्ही बरोबर नेणारी गाडी हवी. तयार मिळणाऱ्या अशा गाडीची किंमत ऐकून मी फंडाचे पुस्तक पुन्हा कपाटात ठेवले. तेवढ्यात एका धर्मादाय रुग्णालयाची जुनी गाडी विकायला निघाल्याचे कळले. २०११ सालची फोर्स ट्रॅव्हलर, जिला लोक अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. इंजिन ठणठणीत, चाल एक लाख चाळीस हजार किलोमीटर. मी हिय्या केला.

रुग्णवाहिकेसारखी सोयीची गाडी घर करायला दुसरी मिळणार नाही, असे माझे आजही मत आहे. छत उंच, त्यामुळे आत ताठ उभे राहता येते. जमिनीला एकसंध जाड आच्छादन, ते कडेला भिंतीवर चढवलेले. पाणी सांडले तरी खाली झिरपत नाही. मागचे दार सताड उघडते. कपाटे मुळातच भिंतीला पक्की बसवलेली, कारण धावत्या गाडीत औषधे पडून चालत नाहीत. छतावरचा फिरता दिवा काढला की भोक शिल्लक राहते. त्यातूनच सौर पट्ट्यांच्या तारा आत घेता येतात. हे सर्व मी हिला उत्साहाने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि वरचे वाक्य बोलली.

कारण मला ठाऊक होते. तिचे वडील दम्याचे रुग्ण. १९८९ साली एका रात्री त्यांना म्हसवडहून साताऱ्याला जीपच्या रुग्णवाहिकेतून आणत होते. ही शेजारी बसली होती. दहिवडी गेली, पुसेगाव गेले, आणि कोरेगाव यायच्या आत सगळे संपले. त्या प्रवासातले तिला एकच आठवते: छताच्या आकड्याला अडकवलेली सलाइनची बाटली, हेलकावे खाणारी. आमच्या गाडीतही तसाच आकडा होता.

मी वाद घातला नाही. कामाला लागलो.

प्रथम कागदपत्रे. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ याप्रमाणे गाडीच्या मूळ स्वरूपात परवानगीवाचून फेरफार करता येत नाहीत. तेव्हा ज्यांना माझ्यासारखी हौस असेल त्यांनी करवत हातात घेण्यापूर्वी आर. टी. ओ. गाठावे, आणि विमा कंपनीलाही कळवावे. भोंगा, फिरता दिवा, पट्टे, उलटी अक्षरे, सर्व उतरवावे लागते. आणखी एक ध्यानात ठेवावे. सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांपुढील गाडीची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नव्याने होत नाही. ती भंगारातच जाते.

मग गाडी आतून तीनदा जंतुनाशकाने धुतली. पट्टे खरवडले, पण उन्हाने रंग विटलेला असल्यामुळे अक्षरांची सावली काही जाईना. गाडी सुताराकडे नेताना रस्त्यावरची वाहने आदराने बाजूला होत. पेट्रोलपंपावरच्या पोराने विचारले, ‘‘काका, पेशंट कुठाय?’’ मी म्हणालो, ‘‘मीच!’’ त्याला हसू आले, मला मात्र लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी सबंध गाडीला फिका पिवळा रंग दिला.

आता पाणी. मी शंभर लिटरची स्टीलची टाकी बनवून घेतली आणि मागच्या चाकांच्याही मागे, कोपऱ्यात बसवली. ही तोपर्यंत तीन महिने खिडकीतून पाहत होती. त्या दिवशी चपला घालून आली, दारापासून दोन हातांवर थांबली आणि म्हणाली, ‘‘ही भरणार कशी?’’

‘‘नळाला पाइप लावून.’’

‘‘आणि नळ नसेल तिथं?’’

मी गप्प.

‘‘टाकी काय डोक्यावर घेऊन विहिरीवर जाणार आहात?’’

ही माणदेशची लेक. १९७२च्या दुष्काळात सात वर्षांची होती आणि बहिणीबरोबर लांबून पाणी वाहून आणत होती. पाण्याच्या बाबतीत मी साताऱ्याचा नळवाला माणूस तिच्यापुढे काय बोलणार! तरी हट्टाने अर्धी टाकी भरून एक फेरी मारली. गतिरोधकापाशी ब्रेक दाबला, आणि पन्नास लिटर पाणी टाकीत असे धावले की गाडीला मागून कोणी ढकलल्यासारखे वाटले. एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलो होतो. पाठीवर बसले तेव्हा समजले. टाकीत आडवे पडदे हवेत, आणि वजन दोन्ही चाकांच्या मध्ये, खाली हवे.

टाकी काढली. हिने बाहेर उभ्या राहूनच दहा दहा लिटरचे आठ कॅन सांगितले. वीस लिटरचे का नकोत? ‘‘आपल्या वयात उचलायचे कोणी?’’ ज्या जागी प्राणवायूचे सिलिंडर उभे असत तिथेच, त्याच पट्ट्यांनी ते आवळले. एका कॅनमध्ये नळी सोडायची, बारा व्होल्टचा छोटा पंप ते पाणी तोटीला आणतो. तोटी उघडली की सुरू, मिटली की आपोआप बंद. कॅन संपला की नळी दुसऱ्यात. मोजमापाचे यंत्र नको, रिकामे कॅन मोजले की झाले. मोरीखाली सांडपाण्याचा वेगळा डबा. ते रस्त्यावर न सोडता झाडाच्या बुडाशी ओतायचे, हा हिचा दंडक. माझ्या हिशेबाने दोघांना आंघोळ सोडून दिवसाला पंचवीस लिटर लागणार होते. ताटे आधी पुसून मग धुवायची, तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी पहिल्यांदा विसळायची, अशा युक्त्यांनी तिने तो आकडा सोळावर आणला.

वीज मात्र माझे खाते! तिथे मी कुणाचे ऐकणार नव्हतो, आणि तिथेच तोंडावर आपटलो.

गाडीच्या इंजिनाची बॅटरी निराळी ठेवली, म्हणजे रात्री पंखे लावून झोपलो तरी सकाळी गाडी सुरू व्हावी. घरासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटच्या शंभर अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या. दोन्ही मिळून २५६० वॉट-तास, म्हणजे बिलाच्या भाषेत अडीच युनिटे. छतावर ३३० वॉटचे सौर पट्टे. स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे एक युनिट देतात. गाडी चालू असताना इंजिनाकडूनही थोडी भर पडते. खर्च पाहा: छोटे शीतपेटीचे यंत्र दिवसाला अर्धे युनिट, दोन पंखे, दिवे आणि फोन मिळून पाव युनिट. शेगडी मात्र गॅसची, पाच किलोच्या सिलिंडरची. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी झरोका ठेवला आणि स्वयंपाक दार उघडे ठेवून करायचा असे ठरवले.

हिला आत आणण्यासाठी मी एक डाव टाकला. इन्व्हर्टर जोडला, घरचा मिक्सर आत नेला आणि म्हणालो, ‘‘चटणी करून दाखवतो.’’ ती दाराशी खोबऱ्याची वाटी घेऊन उभी. मिक्सर घरघरला. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहत होतो.

‘‘अहो, काहीतरी जळतंय!’’

आणि मी वळायच्या आत ती गाडीत चढून मिक्सरचे बटण बंद करून मोकळी झाली.

जळत होती ती बॅटरीपासून इन्व्हर्टरकडे गेलेली तार. सबंध नोकरी २३० व्होल्टच्या हिशेबात गेली. तिथे हजार वॉटला साडेचार अँपिअरही लागत नाहीत. पण बारा व्होल्टांवर तेच हजार वॉट ऐंशीच्या वर अँपिअर मागतात! मिक्सरने निम्मे मागितले असतील, पण सवयीने मी घातलेली तार बारीक, नको तेवढी लांब, आणि तिची टोके नीट दाबलेली नव्हती. नव्या शिकाऊ वायरमनने हे केले असते तर मी त्याला चार शब्द ऐकवले असते. पुढे ३५ चौरस मिलिमीटरची जाड तार, हातभरच लांब, आणि बॅटरीच्या अगदी लगत फ्यूज घातला. मूळ बॅटरीत आग लावण्याइतका जोर असतो. फ्यूज दूर ठेवला तर मधली तार उघड्यावर पडते.

पण हे नंतरचे. त्या क्षणी आम्ही दोघे आत उभे होतो. ती आत आली आहे हे तिच्याही लक्षात आले. तिने वर पाहिले.

‘‘तो आकडा काढा,’’ एवढे म्हणून ती उतरली.

आकडा छताच्या पोलादी कमानीला वितळजोड केलेला. आज काढू, उद्या काढू, असे म्हणत राहून गेला.

२०२३च्या मे महिन्यात पहिला प्रवास तिच्या माहेरी केला. म्हसवडजवळच्या गावात चुलत्यांच्या वाड्यासमोर गाडी उभी केली. वय अठ्ठ्याहत्तर, भावासारखाच यांनाही दमा. पोराबाळांनी गाडी पाहिली, नळ सोडून पाहिला, हिने त्यांना ‘‘पुरे, तीन तांबे झाले’’ म्हणून दटावले. संध्याकाळी वळीव आला. असा आला की दोन झाडे रस्त्यावर आडवी झाली आणि सबंध गावची वीज गेली.

रात्री दोनच्या सुमारास पुतण्या गाडीच्या दारावर थापा मारू लागला. काका कोंडले होते. डॉक्टरांनी दिलेले वाफाऱ्याचे यंत्र, नेब्युलायझर, घरात होते. ते चालवायला वीज नव्हती. १०८ला फोन लावला होता, पण रस्ता मोकळा व्हायचा होता.

‘‘त्यांना आत आणा,’’ ही म्हणाली. ओसरीवरून दहा पावलांवर गाडी. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणले. हिने त्यांना पाठीशी उशा देऊन ताठ बसवले, डॉक्टरांनी ठरवून दिलेले औषध यंत्रात घातले, मुखवटा तोंडाला धरला आणि माझ्याकडे पाहिले. मी इन्व्हर्टरचे बटण दाबले. ते यंत्र घुं घुं करू लागले तेव्हा मला जी तार जळली होती तिची आठवण झाली आणि हात थरथरला.

पंधरा मिनिटे कोणी बोलले नाही. काकांच्या छातीतली शीळ हळूहळू बारीक झाली. खांदे खाली आले. मग मुखवटा बाजूला करून ते पहिले वाक्य बोलले, ‘‘पोरी, च्या टाक.’’ तिने दुसऱ्या कॅनमध्ये नळी सोडली आणि चहा टाकला. मी पाहत होतो. पाणी उकळेपर्यंत ती वर, त्या आकड्याकडे पाहत होती. वडिलांविषयी ती काही बोलली नाही, मीही विचारले नाही. पावणेचारला १०८ची गाडी आली, काकांना रुग्णालयात घेऊन गेली, आणि तिसऱ्या दिवशी ते चालत घरी आले.

त्या रात्री सवयीने मी मापक पाहिला. बॅटरी ८१ टक्क्यांवर होती, ती ७९वर आली होती. यंत्र १५० वॉटचे, वेळ पाव तास. म्हणजे एका युनिटचा जेमतेम पंचविसावा भाग. मी आयुष्यभर लाखो युनिटांची नोंद ठेवली. बिलावर पंचविसाव्या भागाला रकानाच नसतो.

आमच्या गाडीत एक वही आहे. पाण्याचा रकाना हिचा, विजेचा माझा. त्या तारखेला माझा रकाना कोरा राहिला होता. सकाळी उघडून पाहतो तो तिने तो भरला होता: ‘‘पाणी १४. वीज: काकांना.’’

आकडा काढा, असे तिने त्यानंतर कधी म्हटले नाही. दिवाळीत आम्ही पुन्हा माणदेशात गेलो. वसुबारसेच्या संध्याकाळी मी कॅन भरून आलो तो ती स्टुलावर उभी राहून आकड्याला आकाशकंदील अडकवत होती.

‘‘किती वॅटचा आहे हो?’’ तिने विचारले.

‘‘तीन.’’

‘‘मग रात्रभर राहू द्या.’’