हजेरीपटाबाहेरची मुले

मानपाडा नावाची ठिकाणे ठाण्याच्या परिसरात दोन आहेत. एक घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला. दोन्हीकडे शेते गेली आणि इमारती आल्या. इमारत उभी राहू लागली की तिच्या सावलीत पत्र्याच्या झोपड्यांची एक वस्तीही उभी राहते, आणि तेथे सात-आठ वर्षांची एखादी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाळूच्या ढिगापाशी बसलेली दिसते. शाळा हाकेच्या अंतरावर असते. मुलीचे नाव पटावर असलेच, तर त्यापुढे गैरहजेरीच्या खुणांची लांब ओळ असते.

ती ओळ पाहून आईबापांना शिक्षणाची चाड नाही व मुलांना शिस्त नाही, असा निकाल देऊन मोकळे होण्याची रीत फार जुनी आहे. त्यावरचा उपायही तितकाच जुना: सक्ती आणि दंड. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले व १९०६ साली ते साऱ्या बडोदे संस्थानास लागू केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास त्यात दंडाची तरतूद होती. त्या काळी हे पाऊल मोठ्या धाडसाचे होते, यात संशय नाही. तथापि दंडाच्या धाकाने आणलेले मूल शाळेत रमेलच असे नाही. आणि ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीचीच पंचाईत, तेथे दंड तरी कशातून वसूल करावा?

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवले. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. परंतु त्याच निवेदनात शेतकऱ्यांची मुले शाळेत का येत नाहीत, याचे साधे कारणही त्यांनी सांगितले आहे. घरची गरिबी इतकी की गुरे राखण्यास आणि शेतावर लक्ष ठेवण्यास मुलेच लागतात. गैरहजर मूल रिकामे नसते, ते कोठेतरी कामावर हजर असते. हजेरीच्या प्रश्नाची खरी किल्ली येथे आहे.

ही किल्ली कुलुपाला लावून पाहण्याचे काम जुन्या ठाणे जिल्ह्यातच झाले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.) भोवती वारली लोकांचे पाडे. मुले शाळेत येईनात. मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळीत, मुलगे गुरांमागे जात. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष न देता शाळेची रचनाच बदलली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. बहीण भावाला पाळण्यात ठेवून वर्गात बसू लागली. बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेला, ती कुरणशाळा. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून खडे, शिंपले, बिया आणि पाने यांवर मोजणी शिकविली गेली.

वर्तनाचा प्रश्नही याच वाटेने हलका होतो. घरात बोलली जाणारी बोली वर्गात उच्चारताच हसू होते, उपाशी पोटी चार तास मांडी घालून बसावे लागते, हाताला काहीच काम नसते. अशा ठिकाणी मोठी माणसे तरी शांत बसतील काय? मूल दंगा करते किंवा पळून जाते. छडी पुष्कळ वर्षे हाती होती. तिने वर्ग गप्प झाले, पण मागचे बाक रिकामे झाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी केली. छडी गेल्यावर वर्ग कसा सांभाळावा, असा प्रश्न अनेक शिक्षकांना पडतो, आणि तो खोटा नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रेमळपणाचा उपदेश करणे सोपे, तो आचरणे कठीण. मात्र मुलाच्या हाताला काम दिले की अर्धा दंगा आपोआप विरतो, हा अनुभव ज्याने वर्ग चालविला आहे त्याला नवा नाही. उरलेल्यापैकी बराच शाळेत मिळणाऱ्या गरम खिचडीने शांत होतो.

मानपाड्यापासून काही किलोमीटरांवर, ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली, २०१६ साली ‘सिग्नल शाळा’ निघाली. समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे महानगरपालिका यांनी ती उभी केली. सिग्नलवर गजरे व खेळणी विकणारी मुले तेथेच शिकू लागली. वर्ग मालवाहू कंटेनरात भरला. कुरणात गेलेला शिक्षक साठ वर्षांनी पुलाखाली गेला, इतकाच फरक.

बांधकामावरच्या मुलांची अडचण मात्र आणखी एक आहे. इमारत पुरी झाली की कुटुंब दुसऱ्या गावी जाते, कधी सत्राच्या मध्येच. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश नाकारू नये, आणि जन्माचा पुरावा नाही म्हणूनही अडवू नये, असे २००९ च्या कायद्यातच लिहिले आहे. पण हे त्या आईबापांना कोण सांगणार? ते शाळेच्या कचेरीत जाण्यास बिचकतात, आणि शाळेच्या वेळी ते मचाणावर असतात. त्यांची गाठ पडते ती दिवेलागणीला, चूल पेटल्यावर. एखादा शिक्षक त्या वेळी झोपड्यांकडे गेला, तर काम कधी संपणार, पुढे कोठे जाणार आणि धाकट्याला कोण सांभाळते, हे त्याला विचारता येते. ती उत्तरे हजेरीपटाच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवावीत. तेथे बहुधा ‘सतत गैरहजर’ एवढेच लिहिलेले असते.