लाइट गेली म्हणून वाचलेला सर्व्हर

विषाणू पसरू नये म्हणून नेटवर्कचे तुकडे कसे पाडायचे, ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण माजलगावहून एका पतसंस्थेतल्या वाचकांचा फोन आला. मंत्रालयातल्या संगणकांना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या लॉकी या विषाणूची (असल्या विषाणूंना रॅन्समवेअर म्हणतात) मी लिहिलेली हकीकत वाचूनही ते निर्धास्त होते. म्हणाले, "सर, आमचा बॅकअप पक्काय. बाहेरची हार्डडिस्क सर्व्हरला कायम जोडलेली असते. रोज रात्री आपोआप कॉपी होते. तीन वर्षांत एकदासुद्धा काढली नाही बघा."

शेवटचं वाक्य त्यांनी अभिमानानं सांगितलं. आजचा सगळा लेख त्या एका वाक्यासाठी.

27 जून 2017. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बऱ्याच कंपन्यांत वापरात होतं, आपल्याकडचं टॅली समजा. त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा विषाणू पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसातल्या कचेरीत एका संगणकावर ते सॉफ्टवेअर होतं. तेवढं पुरलं. काही तासांत उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं आणि कंटेनरचा हिशेब हातानं ठेवायची वेळ आली. पडद्यावर तीनशे डॉलरची खंडणी मागितलेली दिसायची, पण ते सोंग होतं. पैसे भरले तरी कुलूप उघडणार नव्हतं.

मर्स्ककडे बॅकअप नव्हते असं नाही. सर्व्हरचे बॅकअप होते. नव्हता तो फक्त डोमेन कंट्रोलरचा. डोमेन कंट्रोलर म्हणजे कंपनीचा तलाठी: कोण कुठला, कुणाला कुठल्या दारातून आत सोडायचं, याची सगळी नोंद त्याच्या दप्तरात. असे सुमारे 150 तलाठी जगभर बसवलेले, आणि प्रत्येक जण आपलं दप्तर दुसऱ्याच्या दप्तराशी सतत ताडून बघणारा. एक गेला तर बाकीचे आहेतच, हा हिशेब. सगळे एकाच दुपारी जातील, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं.

गेले. उरला फक्त एक, घानातला. का उरला? हल्ल्याच्या आधी तिथं लाइट गेली होती! सर्व्हर बंद, म्हणून विषाणूला तो सापडलाच नाही.

पुढचं तर सिनेमात शोभावं. घानातलं इंटरनेट इतकं मंद की ती माहिती इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग एक जण हार्डडिस्क घेऊन विमानानं नायजेरियाला गेला, विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो लंडनला निघाला. त्या एका डिस्कवरून मर्स्कनं आपलं घर पुन्हा उभं केलं: दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्यानं बसवले. तरीही नुकसान तीस कोटी डॉलरच्या घरात गेलं.

आपल्या परळीच्या थर्मल वीज केंद्राची धुराडी दिसतात त्या गावांतही लाइट जाते. तेव्हा वीज जाण्याचं कौतुक बीडकरांना मी काय सांगावं? पण आपण सर्व्हर इन्व्हर्टरवर टाकतो, म्हणजे घानावाल्यांना मिळालेली ती फुकटची संधीही आपल्याला नाही.

म्हणून ती संधी हातानं निर्माण करायची. वायरनं जोडलेली प्रत ही प्रत नव्हेच, ती मूळ वस्तूचीच शेपटी. रॅन्समवेअर आत शिरला की पुष्कळदा आधी बॅकअप शोधतो, विंडोजनं स्वतःहून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसतो, आणि मग कुलूप लावतो. आपोआप जुळणाऱ्या ऑनलाइन ड्राइव्हचंही तेच: इथं फाइल बिघडली की तिथंही बिघडलेलीच चढते. जुन्या आवृत्त्या राखून ठेवायची सोय चालू असेल तरच काही हाती लागतं.

आमच्या आजीची बियाण्याची ज्वारी कणगीत कधीच नसायची. राख घालून, तोंड लिंपून मडकं माळ्यावर. कणगीला किडा लागला तरी पेरणी अडायची नाही. पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकारानं रुळवलेला 3-2-1 चा नियम आजीला आवडला असता: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी.

पतसंस्थेनं दोन डिस्क घ्याव्यात. सम तारखेला एक, विषम तारखेला दुसरी. कॉपी झाली की वायर काढायची. एक डिस्क कपाटात, दुसरी संस्थेबाहेर, पासवर्डनं कुलूपबंद करून. आणि महिन्यातून एकदा त्यातली खातेवही दुसऱ्या संगणकावर उघडून बघायची. हे शेवटचं काम बहुतेक ठिकाणी कुणीच करत नाही, आणि डिस्क रिकामी असल्याचं नेमकं नको त्या दिवशी कळतं.

माजलगावकर, आज संस्था बंद करताना ती वायर काढा. काढल्यावर फोन करा. नेटवर्कचे तुकडे पुढच्या आठवड्यात नक्की.