कर्ज काढण्याआधी घर पाहू या



मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईने कूलरसाठी कर्ज मागितले. म्हणाली, "दुपारी पत्र्याखाली लेकरू झोपत नाही. रडून रडून थकतं." मागणी खोटी नव्हती. आपल्या नंदुरबारचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत जीव नकोसा होतो. पण कर्जाचा हप्ता आला, वीजबिल आले, आणि कूलरला पाणीही लागते. हंडा डोक्यावर घेऊन ते आणणार कोण? तीच ताई.

म्हणून कर्जाचा ठराव लिहिण्याआधी आम्ही पाच जणी तिचे घर पाहायला गेलो. भर दुपारी आत दिवा लागलेला. एकुलती खिडकी धान्याच्या गोण्यांनी बुजलेली. चूल त्याच खोलीत, आणि धूर पत्र्याखाली कोंडलेला. खरे सांगायचे तर आमच्यातल्या तिघींच्या घरी हेच चित्र होते. तेव्हापासून आम्ही एक रीत ठेवली आहे : घराची गळती आधी शोधायची, वस्तू नंतर घ्यायची. आज तेच सांगणार आहोत.

पहिली गळती चुलीची

घरात गॅस आला तरी टाकी महाग पडते, म्हणून भाकरी, आंघोळीचे पाणी चुलीवरच होते. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडाची बहुतेक उष्णता आजूबाजूला निघून जाते, भांड्याला फार थोडी मिळते. म्हणजे डोंगरातून आणलेल्या मोळीतला मोठा वाटा वाऱ्यावर जातो. धूर मात्र पूर्ण आपल्या वाट्याला येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. बाया आणि लहान लेकरे चुलीजवळ जास्त वेळ असतात, म्हणून त्रासही त्यांनाच जास्त.

सरकारने १९८३ मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. गावोगाव चुली बसल्या, पण बऱ्याच पुढे फुटल्या, धुराडी काजळीने बुजली. आमचे मत असे, की जी चूल आपल्याला लिंपता येते आणि साफ करता येते, तीच घरात टिकते.

आमची पहिली चूल फसली, तेही सांगतो. मोठी लाकडे जावीत म्हणून आम्ही तोंड रुंद ठेवले. लाकूड पहिल्याइतकेच जळाले आणि धुराचा पाइप छताच्या खालीच संपत असल्याने धूर पुन्हा घरात आला. दुसऱ्या वेळी या गोष्टी सांभाळल्या :

चुलीचे तोंड लहान, तीन-चार बारीक फोडी मावतील एवढेच. आत जमिनीपासून तीन बोटे वर लोखंडी सळयांची जाळी, म्हणजे लाकडाला खालून हवा मिळते आणि राख खाली पडते. भांडे चुलीवर नीट बसेल, बाजूने जाळ बाहेर पळणार नाही असा कडेचा आकार. धुराचा पाइप छताच्याही वर काढलेला. पाइप तापतो, म्हणून तो लाकडी वाशाला किंवा गवताला टेकू द्यायचा नाही. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, काजळी झाडायची.

लाकूड वाळलेले हवे. ओले लाकूड आधी स्वतःतले पाणी उडवते, मग आपले अन्न शिजवते. पावसाळ्याआधी थोड्या फोडी पडवीत रचून ठेवा.

शिजवण्याची गळती

झाकण न ठेवता पाणी उकळणे म्हणजे जळण वाफेवर घालवणे. हरभरा, वाल, मटकी रात्री भिजत घाला. उकळी आली की जाळ कमी करा. उकळते पाणी जास्त जाळ लावून आणखी गरम होत नाही, फक्त लवकर आटते.

आणि एक उबेची टोपली करा. मोठ्या टोपलीत भाताचा वाळलेला पेंढा दाबून भरा, मधे भांड्यापुरता खड्डा ठेवा. भाताला उकळी आणून पाच-सात मिनिटे शिजू द्या, घट्ट झाकण लावून भांडे टोपलीत ठेवा आणि वरून जुनी गोधडी दाबा. तासाभरात भात आतल्या आत होतो. भांड्याला निखारा चिकटलेला नाही ना, तेवढे पाहा. जेवण गरम असतानाच खा, रात्रभर टोपलीत ठेवू नका.

छताची आणि उजेडाची गळती

पत्रा उन्हात तापतो आणि खाली आग ओततो. त्याच्या एक हात खाली बांबूची चटई किंवा ताटी बांधली, आणि मधली हवा दोन्ही बाजूंनी खेळती ठेवली, तर ती झळ थेट अंगावर येत नाही. चुलीच्या वर मात्र ताटी नको. स्लॅब असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वरून पांढरा चुना द्या. पांढरा रंग ऊन परतवतो. अहमदाबादमध्ये गरीब वस्त्यांतली छते अशीच पांढरी केली गेली. सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कोणी चढू नका, तो पायाखाली फुटतो.

उजेडासाठी कौलारू घरात एक काचेचे कौल, पत्र्याच्या घरात एक पारदर्शक फायबरचा तुकडा पुरतो. समोरासमोर दोन झरोके उघडे असले की वारा स्वतःच फिरतो.

विजेची गळती

एक हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट होते. जुना ६० वॅटचा दिवा रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट. ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर दीड युनिटही होत नाही. साधा ७५ वॅटचा पंखा रोज दहा तास चालला तर साडेबावीस युनिट, आणि ३० वॅटचा नवा बीएलडीसी पंखा ९ युनिट. घरगुती बिलात शंभर युनिटांपुढच्या युनिटांचा दर जास्त असतो, म्हणून वाचलेले युनिट महागातले वाचते.

याच जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातले बिलगाव आठवते का? तिथे २००३ साली गावकऱ्यांनी श्रमदान करून, केरळच्या दोन तरुण अभियंत्यांच्या मदतीने, उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचे वीजघर उभारले. २००६ च्या पावसाळ्यात ते सरदार सरोवराच्या पाण्यात गेले. त्या १५ किलोवॅटवर ६० वॅटचे दिवे लावले तर हिशेबाने २५० लागतात. ९ वॅटचे लावले तर सोळाशेहून जास्त. वीज तेवढीच, उजेड सहापटीहून जास्त घरांत. वाचवलेली वीज म्हणजे पिकवलेलीच वीज.

दिवा बदलणे, पुसणे आपण करू, तेही बटण बंद करून. उघडी वायर, मीटर, मेन स्विच यांना हात लावायचा नाही. त्याला वायरमनच बोलवा.

ताईचे काय झाले?

तिच्या घरी आम्ही चूल पडवीत नेली, गोण्या हलवून खिडकी मोकळी केली, तिच्या घरधन्याने बांबूची ताटी बांधली. काम दोन दिवसांचे, बांबू घरचाच. नंतर तिने गटातून फक्त पंख्यापुरते कर्ज घेतले. खोली थंडगार झाली असे आम्ही म्हणणार नाही. पण लेकरू दुपारी झोपते, आणि तिच्या हप्त्याचा आकडा तिला पेलतो.

तुम्हीही या आठवड्यात एक करा. रोज किती लाकूड जळते ते एका दोरीत मोजून बांधा, वीजबिलावरचे युनिट वहीत लिहा. महिन्याने पुन्हा मोजा आणि गटाच्या बैठकीत वही उघडा. वाचलेल्या पैशाला पासबुकात जागा द्या. आणि वाचलेल्या वेळात, बायांनो, जरा टेका.