गॅरेजमधली ग्रहमाला

ऑटोमॅटिक गिअरची गाडी म्हणजे आरामाची गाडी, असा आपल्याकडे समज आहे आणि तो चुकीचा नाही. डावा पाय मोकळा, गर्दीत सारखा क्लच दाबायला नको. जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्स आणला, तो याच सोयीसाठी. मग अमेरिकेतल्या हौशी स्पर्धकांनी हे आरामाचे यंत्र शर्यतीत का नेले? आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे गिअरबॉक्स तिथे आजही घरच्या गॅरेजमध्ये खोलून पुन्हा का बांधले जातात? मी अभियांत्रिकी शिकलेलो नाही. पण जुनी सर्व्हिस मॅन्युअल्स वाचता वाचता या प्रश्नांचे जे उत्तर मला उमगले, ते इथे मांडतो.

आधी शर्यत समजून घेऊ. ड्रॅग रेसिंगमध्ये दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात आणि सरळ रस्त्यावर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट धाव घेतात. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली स्थापन केलेल्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने या खेळाला नियम दिले. हौशी मंडळींचा आवडता प्रकार म्हणजे ब्रॅकेट रेसिंग. यात प्रत्येकाने आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधीच जाहीर करायचे. एकाने १२.५० सांगितले आणि दुसऱ्याने ११.००, तर पहिल्याला दीड सेकंद आधी सोडतात. दिवा लागल्यावर कोण किती चपळाईने निघतो यालाही महत्त्व आहेच. पण खरी मेख पुढे आहे: सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात, तर सामान्यतः तुम्ही बाद. म्हणजे इथे नुसता वेग कामाचा नाही. गाडीने दर खेपेला तेच करायला हवे, जे तिने मागच्या खेपेला केले होते.

माणसाचा पाय क्लच दर वेळी थोडा वेगळा सोडतो. ऑटोमॅटिकमध्ये ते काम तेलाकडे असते. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर दुसराही वाऱ्याने फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरचे मूळ तत्त्व हेच; फक्त वाऱ्याऐवजी तेल आणि मधे तेलाची दिशा वळवून जोर वाढवणारे तिसरे चक्र. जर्मन अभियंते हेरमान फोटिंगर यांनी १९०५ साली याचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी. शेव्हरोलेचा १९५० ते १९७३ या काळातला 'पॉवरग्लाइड' या शर्यतीत विशेष टिकला. त्याला पुढे जाण्यासाठी दोनच गती. खालच्या गिअरचे प्रमाण १.७६ किंवा १.८२. दोन गती ही रोजच्या वापरात उणीव, पण पाव मैलात गिअर एकदाच बदलायचा असेल तर चूक होण्याची जागाही एकच उरते.

आता आतले यंत्र पाहू. मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रे, ग्रहचक्रांना धरणारा वाहक आणि बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेले वलय. ही रचना जुनी आहे. जेम्स वॅटने १७८१ साली वाफेच्या इंजिनासाठी सूर्य-ग्रह चक्रांचे पेटंट घेतले होते. समजा, सूर्याला ३० दाते आहेत आणि वलयाला ६०. वलय धरून ठेवून सूर्य फिरवला, तर सूर्याच्या ३ फेऱ्यांत वाहकाची १ फेरी होते. सूर्य धरून वलय फिरवले, तर दीड फेरीत १. कोणतेही दोन भाग एकमेकांना जखडले, तर सगळे एकत्र फिरते. वाहक धरून सूर्य फिरवला, तर वलय उलटे फिरते. हा झाला रिव्हर्स. दाते एकमेकांतून कधीच सुटत नाहीत. कोणाला धरायचे आणि कोणाला सोडायचे, एवढेच बदलते.

हे धरण्याचे काम पोलादी पट्टे आणि क्लच प्लेटांचे संच करतात आणि त्यांना दाबते तेल. कोणाला कधी दाबायचे, हे व्हॉल्व बॉडी ठरवते. गाडीचा वेग वाढतो तसा एका बाजूने तेलाचा दाब वाढतो. दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि अ‍ॅक्सिलरेटरनुसार बदलणारा दाब असतो. पहिला वरचढ ठरला की व्हॉल्व सरकतो आणि गिअर पडतो. प्रवाशाला धक्का बसू नये म्हणून कारखाना तेलाची भोके मुद्दाम लहान ठेवतो. तेवढा वेळ प्लेटा घसरतात आणि तापतात. स्पर्धक ती भोके ठरावीक मापाने मोठी करतो. मग प्लेटा झटकन पकडतात, गिअर ठणठणीत पडतो. भोक अती मोठे केले, तर तोच झटका शाफ्ट मोडतो. अनेक जण आपोआप गिअर बदलण्याची सोयच काढून टाकतात आणि ते काम दांड्याकडे देतात. सुरुवातीच्या रेषेवर पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून गाडी जागच्या जागी जखडतात. बटण सोडताच रिव्हर्स सुटतो आणि गाडी झेपावते. आजच्या आठ-दहा गतींच्या गिअरबॉक्समध्ये हा सगळा विचार संगणकात गेला आहे. जुन्यात तो धातूत आहे. डोळ्यांनी वाचता येतो, बोटांनी चाचपता येतो. घरी काम करणाऱ्याचा ओढा जुन्याकडे असतो तो यामुळे.

प्रत्यक्ष काम चिकाटीचे आहे. तळाचे ताट उघडले की निदान सुरू होते: काळी पूड म्हणजे क्लचचे अस्तर झिजले, चमकणारे कण म्हणजे धातू घासला. निघालेला प्रत्येक वॉशर क्रमाने मांडायचा, फोटो काढायचे. धागे सुटणारे फडके वापरायचे नाही. एखादा धागाही व्हॉल्व अडकवू शकतो. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी तेलात भिजवायच्या. रबरी सीलची कड दुमडू नये म्हणून ती पेट्रोलियम जेलीच्या हाताने, पातळ पट्टीच्या आधाराने आत सरकवायची.

त्यानंतर मोजमाप. क्लचच्या संचात फीलर गेजने फट मोजतात. दर अस्तर-प्लेटेमागे अंदाजे पाव मिलिमीटर हा एक प्रचलित आडाखा आहे. फट कमी असेल तर सोडलेला क्लचही घासत राहतो. जास्त असेल तर पकड उशिरा येते. शाफ्टची पुढे-मागे होणारी हालचाल डायल गेजने मोजून योग्य जाडीचा वॉशर निवडायचा. मग तेलाच्या वाटांतून बेताच्या दाबाने हवा सोडायची. प्रत्येक क्लचने 'धप्प' आवाज दिला तर सील शाबूत; नुसता फुसफुस आवाज आला तर पुन्हा खोला. शेवटी कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण बसला आहे ना, हे पाहायचे. तो नीट न बसवता बोल्ट आवळले, तर इंजिन सुरू होण्याआधी किंवा होताक्षणी पंप फुटतो.

हे सगळे इतक्या बारकाईने का करायचे, याचे कारण पैशांपुरते नाही. गिअरबॉक्स चालकाच्या पायांशेजारी असतो. क्रायस्लरच्या 'टॉर्कफ्लाइट ७२७' मध्ये पहिल्या गिअरचा एकेरी क्लच निसटला, तर पुढचा ड्रम इंजिनाच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरून फुटू शकतो. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर व्यावसायिक स्पर्धक डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा दोन गतींचा प्रायोगिक गिअरबॉक्स सुरुवातीच्या रेषेवरच फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ मध्ये ती यशस्वी करून दाखवली. वेगवान गाड्यांच्या गिअरबॉक्सला कवच घालण्याची सक्ती केली जाते ती असल्या धोक्यांमुळे. सुटे भाग क्रमाने जोडता येणे म्हणजे गिअरबॉक्स बांधता येणे नव्हे. दोन्हींत फरक आहे तो मोजमापाचा, आणि 'एवढ्याने काय होते' म्हणून एकही माप न सोडण्याचा.

या कामाला पदवी लागत नाही, पण परीक्षा असते. प्रत्येक धावेनंतर स्पर्धकाच्या हाती वेळेची छापील पावती येते. पाच धावांच्या पाच पावत्या शेजारी ठेवल्या आणि आकडे सेकंदाच्या एक-दोन शतांशांत जुळले, तर मापे नीट घेतली गेली. जुळले नाहीत, तर हवा, टायर, चालक यांचा विचार करून झाल्यावर गॅरेजकडे वळायचे आणि ताट पुन्हा उघडायचे.